गळाच्या रिळावर नवी दोरी चढविणे

दोराची पारख ही शेतकऱ्यास एके काळी शिकवावी लागत नसे. मोटेच्या दिवसांत नाडा कोठे झिजला आहे आणि सोंदूर आणखी किती पाळ्या टिकेल, हे हात फिरवून सांगणारी माणसे गावोगाव होती. कारण ऐन पाणीपाळीत नाडा तुटला तर मोट विहिरीत, बैल खोळंबलेले आणि पीक तहानलेले, असा तिहेरी तोटा होत असे. चऱ्हाट वळताना पीळ कमी पडला तर ते उसवते आणि अधिक पडला तर त्यास आढे पडून ते आपल्याच अंगाभोवती गुंडाळते, हेही लहानथोर सर्वांस ठाऊक असे. पुढे मोटा गेल्या, इंजिने आली, विजेचे पंप आले आणि ही विद्या हळूहळू मागे पडली. ती पुन्हा उपयोगी पडण्याचा एक लहानसा प्रसंग अलीकडे शेतावर येऊ लागला आहे. तो प्रसंग म्हणजे शेततळ्यातील मासळी गळाने धरणे.

महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना निघाल्यापासून शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली, आणि त्यांपैकी कित्येक तळ्यांत रोहू, कटला व मृगळ या जातींचे बीज सोडण्याचा प्रघात पडला आहे. सर्व मासळी एकदम काढावयाची असेल तेव्हा जाळ्यावाचून गत्यंतर नाही. परंतु घरच्या जेवणापुरता एखाददुसरा मासा धरावयाचा असेल, अथवा मासळीची वाढ कितपत झाली हे पाहावयाचे असेल, तर काठी व रीळ घेऊन तासभर काठावर बसणे सोयीचे पडते. घरातील तरुण मंडळींस त्यात करमणूकही होते. रीळ विकत घेताना बहुधा त्यावर दोरी चढविलेलीच असते; पहिले वर्ष ती निभावून जाते. दुसऱ्या वर्षी ती बदलावयाची वेळ आली म्हणजे मात्र पुष्कळांचा असा समज दिसतो, की एक टोक बांधावे, मूठ फिरवावी आणि काम संपले. पुढे फेक करताना दोरीचे भेंडोळे सुटते, मासा लागला असता ती भलत्याच ठिकाणी तुटते, आणि मासा तोंडात गळ व मागे वीस-पंचवीस हात दोरी घेऊन खोल पाण्यात निघून जातो. दोष दोरीस दिला जातो; वस्तुतः पुष्कळदा तो चढविणाराच्या हाताचा असतो. दोरीचे पुढील आयुष्य ती चढविण्याच्या अर्ध्या तासात ठरते, हे ध्यानात आणून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

रिळाची पूर्वपीठिका

गळाने मासे धरण्याचा विनोद दख्खनला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. कोकणात आजही ‘गरवावयास जाणे’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी आहे. रीळ हे साधन मात्र बाहेरून आलेले. मा युआन या चिनी चित्रकाराच्या इ. स. ११९५ च्या सुमाराच्या एका चित्रात नावेत बसलेला मनुष्य रीळ लावलेल्या काठीने मासे धरीत असलेला दिसतो. रिळाच्या अगदी जुन्या दाखल्यांत या चित्राची गणना होते.

हल्ली आपल्या बाजारात सर्रास मिळणारे रीळ काठीच्या खालच्या अंगास लोंबते व त्यास तारेची एक कमान असते. या जातीच्या रिळाची मूळ कल्पना इंग्लंडातील कापडधंद्यातील गृहस्थ आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ साली पेटंट करून घेतली. धोट्यातील कांडी स्वतः न फिरता तिच्या टोकावरून सूत जसे सुटत जाते, तशीच या रिळाच्या फिरकीवरून दोरी सुटते. फिरकी स्थिर राहते. मूठ फिरविली असता कमान तिच्याभोवती फिरून दोरीचे वेढे घालते. ही एक गोष्ट नीट समजली म्हणजे पुढील सर्व विवेचन आपोआप समजेल.

दोरीचा इतिहास याहून अलीकडचा आहे. पूर्वी रेशीम, जवसाचे सूत, घोड्याच्या शेपटीचे केस यांच्या दोऱ्या असत. रेशमाची दोरी प्रत्येक वापरानंतर उलगडून वाळवावी लागे. ओली राहिल्यास ती कुजे. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली नायलॉन तयार केले, आणि पुढे त्याच्या एकेरी तंतूने, म्हणजे आपण ज्यास तंगूस म्हणतो त्याने, या सर्व जुन्या दोऱ्यांस बाजूस सारले. तंगूस कुजत नाही. हा त्याचा मोठा गुण, आणि लेखाच्या शेवटी दिसून येईल त्याप्रमाणे मोठा दोषही, तोच आहे.

दोरी केव्हा बदलावी

नायलॉन कुजत नसले तरी ते म्हातारे होते. ऊन हा त्याचा मुख्य शत्रू. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली अथवा मळ्यातील झोपडीच्या दाराशी काठी टांगून ठेवली तर एका उन्हाळ्यात दोरीचा कस उतरतो. परीक्षा करावयाची ती अशी: वरच्या आठदहा हात दोरीस अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढावे, ती खरखरीत लागली, तिची झळाळी जाऊन ती पांढुरकी दिसू लागली, अथवा हातात ताणून सोडल्यावरही तिची वेटोळी तशीच राहू लागली, तर ती बदलण्यास योग्य झाली असे समजावे. आणखी एक कसोटी आहे. दोरीस एक साधी गाठ मारावी, दोन्ही हातांस फडके गुंडाळावे आणि सावकाश ओढावे. नव्या दोरीची गाठ तुटण्यास चांगलाच जोर लागतो. जुनी कटकन तुटते. दर आठवड्यास गळ टाकणाऱ्याने वर्षातून एकदा दोरी बदललेली बरी.

यात काटकसरीची एक युक्ती आहे. रिळावर दीडशे मीटर दोरी असली तरी शेततळ्यावर रोजच्या वापरात येते ती बाहेरची चाळीस-पन्नास मीटरच. आतील दोरी जवळजवळ कोरी राहते. म्हणून पहिल्या खेपेस सबंध दोरी न टाकता ती उलटी करून चढवावी, म्हणजे आतले टोक बाहेर येते व झिजलेला भाग तळाशी जातो. मात्र ही युक्ती एकदाच करावी, आणि दोरीस पांढुरकेपणा आलेला असल्यास करूच नये.

कोणती दोरी, आणि किती

बाजारात मुख्यत्वे तीन प्रकारच्या दोऱ्या मिळतात. पहिली नायलॉनची तंगूस. ही पाण्याहून किंचित जड (विशिष्ट गुरुत्व १.१४), ताणली जाणारी, गाठीस मऊ व किमतीने हलकी असते. दुसरी फ्लुओरोकार्बनची, ही १९७१ साली जपानात निघाली. ती चांगलीच जड (१.७८), पाणी न शोषणारी व पाण्यात कमी दिसणारी, परंतु ताठ असते आणि लहान फिरकीवर नीट बसत नाही. तिसरी पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंची विणलेली दोरी, जीस ‘ब्रेड’ म्हणतात. ही पाण्याहून हलकी (०.९७) असून बारीक असूनही फार बळकट असते, परंतु तिला मुळीच ताण नसतो, ती हात कापते आणि गुळगुळीत फिरकीवर घसरते. शेततळ्यावरील रोहू-कटल्यासाठी पाव ते तीन दशांश मिलिमीटर व्यासाची, सुमारे चार ते सहा किलो ओढ सोसणारी साधी तंगूस पुरेशी आहे. माशाने हिसका दिला असता तिचा ताण हा हिसका पोटात घेतो. नवशिक्याच्या हाती हा मोठाच आधार असतो.

किती दोरी लागेल हे फिरकीवर छापलेले असते. उदाहरणार्थ, ‘०.३० मि. मी. – १५० मी.’ याचा अर्थ, तीन दशांश मिलिमीटर जाडीची दीडशे मीटर दोरी तीवर मावते. जाडी बदलली म्हणजे लांबी जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्याच फिरकीवर ०.३५ मि. मी. जाडीची दोरी सुमारे ११० मीटर मावेल, तर ०.२५ मि. मी. जाडीची सुमारे २१६ मीटर. जाडीत अर्ध्या दशांशाचा फरक वाटतो किरकोळ, पण लांबीत तो चाळीस ते साठ-पासष्ट मीटरांचा पडतो. दुकानात जाण्यापूर्वी हा हिशोब कागदावर करून जावे; म्हणजे शंभर मीटरची चकती आणून फिरकी अर्धी रिकामी राहण्याचा प्रसंग येत नाही.

पीळ म्हणजे काय, व तो का पडतो

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ठिबक सिंचनाची नळी शेतात अंथरण्याचा अनुभव बहुतेक वाचकांस असेल. नळीचे भेंडोळे जमिनीवर आडवे ठेवून एका बाजूने ओढीत गेले, तर प्रत्येक वेटोळ्यागणिक नळीस एक आढा पडतो आणि ती सरळ बसत नाही. तेच भेंडोळे दोघांनी काठीवर धरून चाकासारखे फिरते ठेवले, तर नळी सरळ सुटते. दोरीस नेमका हाच नियम लागू आहे. फिरत्या चाकावरून सुटणाऱ्या दोरीस पीळ पडत नाही. स्थिर चकतीच्या तोंडावरून सुटणाऱ्या दोरीस दर वेढ्यास एक पीळ पडतो.

वर वर्णिलेल्या रिळाची फिरकी स्थिर असते, म्हणून तीवर दोरी चढताना प्रत्येक वेढ्यास एक पीळ पडणारच. वेढ्याचा परीघ पंधरा सेंटिमीटर धरला तर दीडशे मीटर दोरीत हजार वेढे, म्हणून हजार पीळ. विकत आणलेल्या चकतीवरून दोरी तोंडाने सुटली तर तिलाही पीळ पडतो. हे दोन पीळ एकाच दिशेचे असले तर एकमेकांत मिळून दोरी चऱ्हाटासारखी कडक होते व संधी मिळताच आपल्याभोवती गुंडाळते. ते परस्परविरुद्ध दिशेचे असले तर एकमेकांस फेडतात. सर्व कौशल्य आहे ते एवढेच, की चकती अशा बाजूने ठेवावी की तिचा पीळ रिळाच्या पिळास फेडील.

चढविण्याची कृती

हे काम दोघांनी केल्यास सुलभ होते, परंतु एकट्यानेही करता येते. सावलीत, स्वच्छ जागी, शक्य तर ओट्यावर बसावे. मातीचा कण दोरीबरोबर फिरकीवर गेला तर तो आत राहून दोरी कापतो.

(१) जुनी दोरी पूर्ण उतरवून एका रिकाम्या डब्यात भरावी. ती जमिनीवर सोडू नये. फिरकी ओल्या फडक्याने पुसून वाळवावी. तिच्या काठावरून बोट फिरवून पाहावे. कोठे खरबड लागल्यास तेथे नवी दोरी तुटणार हे निश्चित समजावे, आणि फिरकी बदलावी किंवा बारीक पॉलिश कागदाने काठ गुळगुळीत करावा.

(२) नवी तंगूस चकतीसकट अर्धा तास कोमट पाण्यात ठेवावी. नायलॉन पाणी शोषते व मऊ पडते; त्यामुळे चकतीवरील वेटोळ्यांची सवय थोडी सुटते आणि दोरी फिरकीवर घट्ट बसते.

(३) काठीच्या बुडाजवळच्या पहिल्या कडीतून दोरीचे टोक वरून खाली, म्हणजे रिळाकडे, ओवून घ्यावे. त्यानंतर रिळाची कमान उघडावी आणि मगच फिरकीस दोरी बांधावी. ही गोष्ट पुष्कळजण विसरतात. कमान मिटलेली असताना बांधलेली दोरी कमानीत सापडत नाही, आणि मूठ कितीही फिरविली तरी एकही वेढा बसत नाही.

(४) बांधण्याची गाठ सोपी आहे. टोक फिरकीभोवती एकदा वळवून आणावे आणि मूळ दोरीभोवती एक साधी गाठ मारावी. मग त्याच टोकाच्या अगदी शेवटी दुसरी साधी गाठ मारावी. दोरी तोंडातील लाळेने ओली करून मूळ दोरी हळूहळू ओढावी. पहिली गाठ सरकत फिरकीस भिडते, आणि दुसरी गाठ तिला अडून तिला निसटू देत नाही. कोरडी गाठ ओढली तर घर्षणाने तापून नायलॉन तेथेच कमजोर होते, म्हणून ओली करण्यास विसरू नये. उरलेले टोक जवळून कापावे. दोरी ‘ब्रेड’ची असल्यास अगोदर फिरकीवर सातआठ वेढे साध्या तंगुसाचे द्यावेत व त्यास ती जोडावी, नाहीतर ओढ बसताच सर्व वेढे एकदम फिरकीवर घसरतात आणि रीळ बिघडले असा भास होतो.

(५) चकती छापील बाजू वर करून जमिनीवर आडवी ठेवावी. कमान मिटावी. डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांत ओले फडके धरून त्यातून दोरी जाऊ द्यावी. चिमटीचा दाब इतका असावा, की काठीचा शेंडा किंचित वाकेल. दोरी बोटास तापलेली लागू नये. सैल चढविलेली दोरी ही सर्व अनर्थांचे मूळ आहे. मोठ्या माशाने ओढ घेतली म्हणजे वरचा वेढा खालच्या सैल वेढ्यांत रुततो, आणि पुढील फेकीस तेथेच अडकून दोरी तुटते. कणगीत दाणे भरताना तळ ठोकून घेतला नाही तर वरचा भार खाली खचतो, तसाच हा प्रकार आहे.

(६) मुठीचे वीस फेरे झाले की थांबावे, आणि चकती व काठी यांमधील दोरी सैल सोडावी. ती मोकळी, मोठ्या कमानीसारखी लोंबली तर ठीक. ती स्वतःभोवती वेढे घेऊ लागली तर चकती उलटी करावी, म्हणजे छापील बाजू खाली करावी, आणि पुन्हा वीस फेऱ्यांनंतर तीच परीक्षा घ्यावी. छापील बाजूसंबंधीचा नियम सर्व चकत्यांस लागू पडतोच असे नाही; ही परीक्षा मात्र कधी फसत नाही. म्हणून भिस्त परीक्षेवर ठेवावी.

फिरती फिरकी असलेल्या, म्हणजे काठीच्या वरच्या अंगास बसणाऱ्या रिळास हा नियम उलटा आहे. तेथे फिरकी स्वतः फिरते व पीळ पडत नाही. म्हणून चकतीच्या मधोमध पेन्सिल अथवा खिळा घालून ती फिरती ठेवावी; चकतीवरून दोरी वरच्या अंगाने सुटत असेल तर फिरकीवरही ती वरच्याच अंगाने चढवावी. दोरी एका जागी ढीग न होता काठापासून काठापर्यंत सारखी पसरेल, याकडे अंगठ्याने लक्ष पुरवावे.

किती भरावी

फिरकी काठोकाठ भरू नये, अपुरीही ठेवू नये. सुतार ज्यास एक सूत म्हणतात, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर, एवढा काठ दोरीच्या वर मोकळा राहिला पाहिजे. दोरी काठास भिडली तर फेक करताना एका वेढ्याऐवजी दहा वेढे एकदम उडतात आणि गुंता होतो. ती फार खाली राहिली तर सुटताना प्रत्येक वेढा काठावर घासतो, फेक जवळच पडते आणि दोरी लवकर झिजते. चकतीवरील दोरी संपली व काठ अद्याप खोल दिसत असेल, तर मन घट्ट करून सर्व दोरी उतरवावी, खाली जुन्या चांगल्या तंगुसाचा थर द्यावा आणि पुन्हा चढवावी. अर्ध्या तासाचे हे जादा काम वर्षभराची कटकट वाचविते.

पिळाचा शेवटचा अंश काढण्यास शेतकऱ्याजवळ एक साधन आहे, जे शहरातील हौशी मनुष्याजवळ नसते. ते म्हणजे मोकळी जमीन. गवताळ पड किंवा बांधाकडेची मऊ वाट पाहून, टोकास गळ अथवा शिसे काहीही न बांधता, साठ-सत्तर मीटर दोरी जमिनीवर सरळ पसरावी आणि चिमटीतून दाब देत सावकाश गुंडाळावी. मोकळे टोक गवतावरून येताना आपोआप फिरते व पीळ टोकावाटे निघून जातो. जागा काटेरी, दगडाची किंवा ताज्या धसकटांची नसावी.

चढविल्यानंतरची कसोटी

नवी दोरी चढविली तरी ‘ड्रॅग’ची कळ जुन्याच जागी राहिली तर उपयोग नाही. ओढ ठराविक मर्यादेपलीकडे गेली असता फिरकीने थोडी दोरी आपण होऊन सोडावी, यासाठी ही कळ असते. तिची मर्यादा दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी ठेवावी. सहा किलोच्या दोरीस ती दीड ते दोन किलो होईल. हे अंदाजाने न करता, घरातील स्प्रिंगच्या काट्यास दोरीचे टोक अडकवून ओढावे, आणि काटा ज्या आकड्यावर असताना फिरकी सुटू लागते तो आकडा पाहून कळ लावावी. गाठीमुळे दोरीची ताकद काहीशी उतरते, पाण्यात भिजल्यावर नायलॉनही थोडे नरमते. म्हणून पूर्ण ताकदीवर विसंबणे हे शहाणपण नव्हे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. मासा दोरी ओढून नेत असताना आणि फिरकी मागे सुटत असताना मूठ फिरवू नये. त्या वेळी एक हात दोरी आत येत नाही, उलट मुठीच्या प्रत्येक फेऱ्यास कमान चार-पाच वेळा फिरून दोरीत तितकेच पीळ घालते. अर्धा तास खपून नीट चढविलेली दोरी अशा रीतीने दोन मिनिटांत बिघडते. मासा ओढील तेव्हा काठी उंच धरून थांबावे. तो थांबेल तेव्हा गुंडाळावे.

शेततळ्यावरील विशेष सावधगिरी

अस्तर केलेल्या शेततळ्यातील प्लॅस्टिकचा कागद बहुधा ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. गळाचे टोक त्यात सहज घुसते. तेव्हा अशा तळ्यात तळाशी बसणारे जड शिसे न वापरता तरंगणाऱ्या बुचाखाली, तळापासून हातभर वर आमिष राहील असा बेत करावा, आणि गळ अडकला असता हिसके देऊन ओढू नये. तुटलेल्या दोरीसह तळाशी राहिलेला गळ उद्या तळे साफ करणाऱ्याच्या पायात जाईल, अथवा अस्तर फाडील. अस्तराचा उतार ओला झाला म्हणजे अतिशय निसरडा होतो. पोहणारा मनुष्यदेखील त्यावरून वर येऊ शकत नाही. म्हणून काठावर खुंटास बांधलेला, हातहातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडलेला असल्याखेरीज कोणासही, विशेषतः मुलांस, गळ घेऊन बसू देऊ नये. वरून विजेच्या तारा गेल्या असतील तेथे काठी उभारू नये. कार्बनच्या काठ्यांतून वीज वाहते.

धरणाच्या व पाझर तलावांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांस ठेक्याने दिलेला असतो. तेथे संस्थेची संमती घेतल्यावाचून गळ टाकू नये. आपल्या उभ्या पिकात दुसऱ्याने जनावरे घातलेली आपणांस खपत नाहीत, हे स्मरले म्हणजे याची कारणे सांगण्याची जरूर नाही.

जुनी दोरी : शेवटचे, पण टाळता न येणारे काम

आता डब्यात काढून ठेवलेल्या जुन्या दोरीकडे वळू. सुताची अथवा तागाची दोरी उकिरड्यावर टाकली तर एका पावसाळ्यात तिचे खत होई. त्या सवयीने आपण तंगूसही तेथेच भिरकावतो. परंतु ती कुजत नाही. उकिरड्यातून ती शेणखताबरोबर शेतात जाते, रोटाव्हेटरच्या आसास गुंडाळते, बैलाच्या खुरात अडकून पाय करकचून धरते. कडब्याबरोबर ती जनावराच्या पोटात गेली तर तेथे तिचा गोळा होतो, जो रवंथाने सुटत नाही. तिला गळ लागलेला असेल तर अनर्थ याहून मोठा. गाय चारा न चावता गिळते. लोखंडाचा असा तुकडा तिच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात राहतो, त्यास भोक पाडतो आणि तेथून जवळच असलेल्या हृदयाच्या वेष्टनापर्यंतही पोचू शकतो. धष्टपुष्ट गाय काही दिवस चारा सोडते, कण्हते, पुढचे कोपरे बाहेर काढून उभी राहते, आणि कारण कळेपर्यंत उशीर होतो. दहा रुपयांच्या दोरीची आणि एका गळाची ही किंमत होय.

पक्ष्यांची गोष्ट तर सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली, ती पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जाऊ लागले म्हणून. गळाची तंगूस त्याच जातीची वस्तू आहे. तळ्याकाठच्या बाभळीवर लोंबणारा हातभर तुकडा बगळ्याच्या पायास पुरतो. आणि पिकावरील अळ्या वेचणारे, नांगरामागे हुमणी टिपणारे बगळे, साळुंक्या व कोतवाल हे आपले बिनपगारी गडी आहेत.

तेव्हा जुनी दोरी कात्रीने वीतभराहून लहान तुकडे करून कापावी, म्हणजे तिचा फास होऊ शकत नाही. ते तुकडे झाकणाच्या बाटलीत भरून ठेवावेत आणि बाटली भरली म्हणजे गावात प्लॅस्टिकचा कचरा गोळा होतो तेथे द्यावी. ती जाळू नये. वितळलेले नायलॉन हातास चिकटून खोल भाजते व धूर अपायकारक असतो. निकामी गळ पक्कडीने टोक मोडून पत्र्याच्या डबीत वेगळे ठेवावेत. तळ्यावर जाताना खिशात एक लहान डबी नेण्याची सवय घरातील मुलांस लावावी, आणि परतताना काठावर सापडलेला प्रत्येक तुकडा, आपला असो वा परक्याचा, तीत घालून आणावा.

एवढी सर्व कृती एका निवांत दुपारी पुरी होते. दोरी चढविल्यावर रिळावर कागदाची लहान चिठ्ठी चिकटवून तीवर महिना, साल व दोरीची जाडी लिहून ठेवावी. पुढील वर्षी अंदाज करीत बसावे लागणार नाही. ज्याच्या तळ्यात मासळी आहे त्याने हा प्रयोग या हंगामात करून पाहावा. तळ्यावरून घरी परतताना गळ, दोरी आणि मासा ही तिन्ही आपल्या हाती असली, आणि काठावर मागे काहीही राहिले नसले, म्हणजे काम नीट झाले असे समजावे.